सुरक्षा गुणांक धरूनही इमारती आणि पूल का कोसळतात?

प्रश्न : गणिती_वाचक

मी अभियंता नाही, गणित शिकवतो. संरचना अभियांत्रिकीवरचे एक प्राथमिक पुस्तक वाचत असताना मला असे समजले की इमारतीचा आराखडा करताना अपेक्षित भारापेक्षा सुमारे दीडपट भार येईल असे गृहीत धरले जाते आणि त्याच वेळी साहित्याची ताकद मात्र प्रत्यक्षापेक्षा कमी धरली जाते. हे दोन्ही गुणांक एकमेकांशी गुणले तर प्रत्येक इमारतीत आणि प्रत्येक पुलात दुपटीहून अधिक ताकद राखीव असायला हवी. एवढी ताकद शिल्लक असताना नव्याने बांधलेला, नियमानुसार तपासलेला पूल कोसळतोच कसा, हे मला उमगत नाही. हा गुणांक नेमका कशाला पुरतो आणि कशाला पुरत नाही? शिवाय तो अपुरा पडत असेल तर सगळेच भाग आणखी जाड आणि मजबूत करून प्रश्न का सुटत नाही? गणिताची भाषा मला चालेल, किंबहुना आवडेल.

उत्तर : भारमार्ग

आपल्या आकडेमोडीपासूनच सुरुवात करतो, कारण त्यात एक छोटी दुरुस्ती आहे. गुणांक सगळीकडे सारखा नसतो. ज्या गोष्टीबद्दल अनिश्चितता जास्त, तिचा गुणांक मोठा. युरोपीय संहितेत (बांधकामाच्या नियमावलीत) इमारतीचा स्वतःचा भार सर्वसाधारणपणे १.३५ ने वाढवतात आणि माणसे, सामान यांचा चल भार १.५ ने, कारण भिंतीचे वजन मोजता येते, पण एखाद्या सभागृहात उद्या किती माणसे उभी राहतील हे कोणी सांगू शकत नाही. साहित्याच्या बाबतीत काँक्रीटची ताकद १.५ ने भागतात आणि सळईची केवळ १.१५ ने. सळई कारखान्यात नियंत्रित प्रक्रियेतून येते, तर काँक्रीट जागेवर ओतले जाते आणि त्यात पाणी किती पडले, ते नीट दाबले गेले का, पुढचे काही दिवस ओले ठेवले का, या सगळ्यावर त्याची ताकद अवलंबून असते. म्हणून सळईच्या ताकदीवर ठरणाऱ्या तुळईत, जिच्यावर मुख्यतः स्वतःचाच भार आहे, प्रत्यक्ष राखीव ताकद १.३५ गुणिले १.१५, म्हणजे सुमारे १.५५ पट निघते. दुप्पट नव्हे.

पण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर या आकड्यांत नाही. सुरक्षा गुणांक हा केलेल्या गणिताला लावला जातो. जे गणित कोणी केलेच नाही, त्याला कोणताही गुणांक लागत नाही. इमारत उभी राहते ती एखादा स्तंभ भक्कम आहे म्हणून नाही, तर स्लॅबवर ठेवलेल्या प्रत्येक किलोला तुळईतून, स्तंभातून, पायातून जमिनीपर्यंत पोहोचण्याची अखंड वाट आहे म्हणून. आम्ही तिला भारमार्ग म्हणतो. ही वाट जिथे एका भागातून दुसऱ्या भागात शिरते, तो सांधा हाच तिचा सर्वांत नाजूक टप्पा असतो आणि दुर्दैवाने आराखड्यातही सर्वांत कमी वेळ बहुधा त्यालाच मिळतो.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमधल्या हयात रीजन्सी हॉटेलची घटना या बाबतीत फार बोलकी आहे. तिथल्या उंच दालनात दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या पातळीवरचे दोन पादचारी पूल एकाखाली एक असे छतापासून पोलादी गजांवर टांगलेले होते. मूळ आराखड्यात एकच सलग गज छतापासून चौथ्या मजल्याच्या तुळईच्या आरपार जाऊन थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचत होता आणि प्रत्येक पुलाची तुळई आपापल्या नटवर टेकलेली होती. एवढ्या लांब गजावर मधल्या नटपर्यंत आटे पाडणे अवघड म्हणून काम चालू असताना बदल सुचवला गेला आणि तो मंजूरही झाला: एक गज छतापासून चौथ्या मजल्याच्या तुळईपर्यंत, आणि दुसरा गज त्याच तुळईला अडकवून खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत. कागदावर हा फरक काही इंचांचा दिसतो. १७ जुलै १९८१ रोजी दोन्ही पूल खालच्या गर्दीवर कोसळले आणि ११४ माणसे मृत्युमुखी पडली. आपण गणिताचे शिक्षक आहात, तेव्हा चौथ्या मजल्याच्या तुळईखालच्या नटवर मूळ आराखड्यात किती भार येत होता आणि बदलानंतर किती आला, हे आपणच मांडून पाहावे असे सुचवतो.

उत्तर : कृश_स्तंभ

वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र एक मुद्दा त्यात यायला हवा होता. ‘ताकद’ या शब्दानेच अर्धा घोटाळा होतो. काही प्रकारचे अपयश साहित्याच्या ताकदीवर अवलंबूनच नसते.

एक लांब, बारीक पट्टी उभी धरून वरून दाबली तर ती चिरडत नाही, बाजूला फुगून वाकते. याला बकलिंग म्हणतात. १८व्या शतकात ऑयलरने त्यासाठी जे सूत्र मांडले, त्यात दोन्ही टोकांना मोकळेपणाने फिरू शकणाऱ्या स्तंभाची मर्यादा π²EI भागिले L² अशी येते. यात पोलादाची ताकद कुठेही नाही. L ही लांबी आणि I हा आडव्या छेदाच्या आकारावर ठरणारा आकडा; साहित्याचा आहे तो फक्त स्थितिस्थापकता गुणांक E, आणि तो साध्या पोलादाचा व उच्च ताकदीच्या पोलादाचा जवळपास सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल असतो. म्हणजे कृश स्तंभासाठी दुप्पट ताकदीचे महाग पोलाद आणून काहीही साध्य होत नाही. उलट त्याच स्तंभाला मध्यावर एक साधा आडवा आधार दिला तर परिणामकारक लांबी निम्मी होते आणि क्षमता चौपट. बांधकामावर मचाणाच्या उभ्या नळ्यांना जे तिरके आणि आडवे बांध घातलेले दिसतात, ते भार उचलण्यासाठी नसतात; ते या सूत्रातला L कमी करण्यासाठी असतात. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून ते काढले जातात, तेव्हा नळीची जाडी तीच राहते आणि क्षमता मात्र एक चतुर्थांशावर येते.

कॅनडातला क्वेबेक पूल हे याचेच मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण आहे. त्याचा मुख्य गाळा (दोन आधारांमधले अंतर) आधी १,६०० फुटांचा ठरला होता, तो वाढवून १,८०० फूट, म्हणजे सुमारे ५४९ मीटर करण्यात आला; पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचे गणित नव्या लांबीसाठी पुन्हा केले गेले नाही. वजन धरल्यापेक्षा बरेच जास्त आहे हे उशिरा लक्षात आले, तेव्हा बरेचसे काम होऊन गेले होते आणि ‘राखीव ताकदीत सामावेल’ असे ठरवून ते पुढे चालू ठेवले गेले. आपण ज्याबद्दल विचारत आहात, तो गुणांक तिथे असा खर्ची पडला. पुढे दाबाखाली असलेले खालचे सदस्य (सांगाड्याचे दांडे) बाजूला वाकू लागल्याचे जागेवरच्या लोकांनी मोजले. ते आधीपासूनच वाकलेले आले होते की आता वाकत आहेत, यावर पत्रव्यवहार झाला. काम थांबवावे असा सल्ला अखेर निघाला, पण तो जागेवर वेळेत पोहोचला नाही. २९ ऑगस्ट १९०७ रोजी दक्षिणेकडची बाजू नदीत कोसळली आणि ७५ कामगार मरण पावले. त्या सदस्यांतल्या मुख्य पट्ट्या पुरेशा जाड असल्या तरी त्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारी जाळी फार कमकुवत होती, आणि बकलिंगमध्ये तीच निर्णायक ठरते. त्यानंतर पूल नव्याने, कितीतरी जड सदस्य वापरून बांधायला घेतला गेला; १९१६ मध्ये मधला गाळा वर उचलताना तो पडून आणखी १३ जण गेले, आणि १९१७ मध्ये तो पूर्ण झाला. आजही कँटिलीव्हर (आधारापासून पुढे अधांतरी निघणाऱ्या हातांच्या) पुलांत त्याचाच गाळा जगात सर्वांत लांब आहे.

प्रश्नकर्ता : गणिती_वाचक

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. नटचे गणित करून पाहतो. परंतु क्वेबेकच्या माहितीतूनच माझा दुसरा प्रश्न अधिक ठळक होतो: दुसऱ्या वेळी जड सदस्य वापरले आणि पूल टिकला. मग सुरुवातीपासूनच सगळे दुप्पट जाड का करू नये? पैशाचा मुद्दा बाजूला ठेवू.

उत्तर : रिंगा_आणि_सळया

पैसा बाजूला ठेवला तरी हा उपाय चालत नाही, आणि त्याची कारणे एकाहून अधिक आहेत.

पहिले कारण गॅलिलिओने १६३८ मध्येच मांडले होते. दोन टोकांवर टेकलेली एक तुळई घ्या आणि तिची लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट करा. तिचे वजन आठपट होते. वाकवणारे बलयुग्म हे वजन गुणिले लांबीच्या प्रमाणात असल्याने ते सोळापट होते. छेदाची वाकण सोसण्याची क्षमता रुंदी गुणिले उंचीचा वर्ग या प्रमाणात, म्हणजे आठपटच वाढते. परिणामी केवळ स्वतःच्या वजनाने येणारे प्रतिबल (दर एकक क्षेत्रफळावरचे बल) दुप्पट होते. नुसते आकार वाढवत गेलो तर एका टप्प्यावर तुळई स्वतःलाच उचलू शकत नाही. म्हणूनच मोठ्या गाळ्यांत साहित्य जाडीत न घालता छेदाच्या वर आणि खाली, मध्यापासून दूर ठेवतात. आय आकाराची तुळई, कैची (दांड्यांचा त्रिकोणी सांगाडा), पोकळ पेटीचा छेद ही सगळी त्याचीच रूपे आहेत.

दुसरे कारण भूकंपाचे. वस्तुमान जितके जास्त, तितके जमीन हलताना इमारतीवर येणारे जडत्वीय बल जास्त. जाड स्लॅब आणि जाड भिंती त्या दिवशी इमारतीच्या बाजूने नसतात.

तिसरे कारण मात्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि नवख्यांना तेच सर्वांत विचित्र वाटते: तुळईत सळई वाढवल्याने ती अधिक धोकादायक होऊ शकते. काँक्रीटला दाब चांगला सोसतो, पण ताण फारच कमी, साधारण त्याच्या दाब-क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका. म्हणून तुळईच्या ज्या बाजूला ताण येतो तिथे सळई टाकतो. सळई प्रमाणात असेल तर भार वाढताना आधी सळई ताणली जाते, तुळई दिसेल इतकी खाली झुकते, तळाशी भेगा रुंदावतात, आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. सळई प्रमाणाबाहेर घातली तर ती ताणली जाण्याआधीच वरच्या बाजूचे काँक्रीट दाबाने फुटते, आणि काँक्रीट पूर्वसूचना न देता फुटते. अशा तुळईची अंतिम क्षमता थोडी जास्त भरते. तिचा शेवट मात्र एका क्षणात होतो. यामुळेच संहितांमध्ये सळईची जशी किमान मर्यादा असते, तशीच कमाल मर्यादाही असते.

भूकंपाच्या आराखड्यात हाच विचार पुढे नेलेला आहे. मोठ्या भूकंपात इमारतीला इजा होऊच नये असे सर्वसामान्य इमारतीत कोणी धरत नाही; इजा कुठे व्हावी हे मात्र आधी ठरवले जाते. स्तंभ तुळयांपेक्षा बलवान ठेवतात, म्हणजे वाकणे तुळयांच्या टोकांशी होते आणि ऊर्जा तिथे खर्च होते, मजला मात्र खाली बसत नाही. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पद्धतीला शिस्तशीर रूप दिले. स्तंभातल्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा कमी अंतरावर घालणे आणि त्यांच्या टोकांचे आकडे (हूक) ९० ऐवजी १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये घुसवणे, ही त्यातलीच बाब. बाहेरचे आवरण गळून पडल्यावर ९० अंशांचा आकडा उघडतो, रिंग सुटते, आतले काँक्रीट बाहेर सांडते आणि उभ्या सळया बकल होतात. आकडा नीट वळवायला रिंगेमागे काही सेकंदच जास्त लागतात, पण वळवणाऱ्याला कारण कोणी सांगितलेले नसेल तर तो ते सेकंद का घालवील?

उत्तर : झुलता_पूल

जाडीच्या चर्चेत वाऱ्याचा विषय राहून गेला. अमेरिकेतल्या टॅकोमा नॅरोज या झुलत्या पुलाचे उदाहरण प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते आणि बहुतेक ठिकाणी त्याचे कारण ‘अनुनाद’ असे एका शब्दात आटोपलेले असते.

उत्तर : रिंगा_आणि_सळया

त्यात चूक काय आहे? वाऱ्याच्या भोवऱ्यांची वारंवारता पुलाच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली आणि तो डोलू लागला, असेच मीही शिकलो आहे.

उत्तर : झुलता_पूल

आकडे जुळत नाहीत. पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला आणि ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी सुमारे ६४ किलोमीटरच्या वाऱ्यात पडला. त्या वेगाला पुलाच्या छेदामागे सुटणाऱ्या भोवऱ्यांची वारंवारता सेकंदाला साधारण एक येते. पूल मात्र पाच सेकंदांत एक या गतीने पिळवटत होता. आधीच्या महिन्यांत त्याचे जे वरखाली डोलणे होत असे, त्याला भोवऱ्यांचे स्पष्टीकरण लागू पडते, शेवटच्या पिळाला नाही. त्या दिवशी पुलाच्या स्वतःच्याच हालचालीमुळे त्याच्याभोवतीचा वाऱ्याचा प्रवाह बदलत होता, आणि बदललेला प्रवाह प्रत्येक फेऱ्यात हालचालीला आणखी ऊर्जा देत होता. बाहेरून ठरावीक तालात कोणी ढकलत नव्हते. गणिती_वाचक यांना सोपे जावे म्हणून असे म्हणता येईल की समीकरणाच्या उजव्या बाजूचे बल मोठे झाले नाही, तर डाव्या बाजूच्या अवमंदनाचे (हालचाल शमवणाऱ्या पदाचे) चिन्ह ऋण झाले.

मुख्य गाळा ८५३ मीटरचा आणि त्याला ताठरपणा देणाऱ्या भरीव पट्टीतुळईची उंची अवघी २.४ मीटर, म्हणजे साडेतीनशेला एक. स्थिर वाऱ्याचा दाब धरला तर त्या पुलाला धोका नव्हता. ते गणित केलेले होते आणि बरोबर होते. १९५० मध्ये त्याच जागी उभारलेल्या पुलाला वारा आरपार जाऊ देणारी, खोल, उघडी कैची दिली. नंतरच्या काळात मोठे झुलते पूल वायुबोगद्यात प्रतिकृती तपासल्याशिवाय बांधले जात नाहीत.

उंच इमारतींत अवमंदन मुद्दाम वाढवतात. तैपेई १०१ मध्ये त्यासाठी ६६० टनांचा पोलादी गोळा वरच्या मजल्यांमध्ये टांगलेला आहे. इमारत वाऱ्यात हलते याचा अर्थ ती कमकुवत आहे असा नव्हे. किती हलावी आणि हलणे किती लवकर शमावे, हे ठरवलेले असते. २००० साली लंडनचा मिलेनियम पादचारी पूल लोकांच्या चालण्याने आडवा डुलू लागला, म्हणून दोन दिवसांत बंद करावा लागला. तो पडण्याची भीती फारशी नव्हती, पण डोलणाऱ्या पुलावर तोल सावरताना माणसे नकळत एकाच तालात पावले टाकू लागतात, ही बाब त्या आराखड्यात धरलेली नव्हती. डॅम्पर (हालचाल शमवणारी साधने) बसवून तो २००२ मध्ये पुन्हा उघडला.

उत्तर : हातोडी_आणि_विजेरी

मी आराखडे करत नाही, जुन्या पुलांची तपासणी करतो. त्यामुळे माझा अनुभव असा की वरची सगळी चर्चा पूल बांधला त्या दिवसाबद्दल आहे. गुणांक हा त्या दिवशीचा असतो, पुढे तो दरवर्षी थोडा थोडा झिजतो.

अमेरिकेतला ओहायो नदीवरचा सिल्व्हर पूल १९२८ चा. त्याचे झुलते सांखळदंड तारांच्या दोरांचे नसून टोकांना छिद्रे असलेल्या लांब पोलादी पट्ट्यांचे होते आणि प्रत्येक कडीत अशा फक्त दोन पट्ट्या होत्या. एका पट्टीच्या छिद्राच्या कडेला, गंज आणि ताण यांच्या संयुक्त परिणामाने, जेमतेम अडीच मिलिमीटर खोलीची भेग तयार झाली. १५ डिसेंबर १९६७ रोजी ती पट्टी तुटली, जोडीची दुसरी पट्टी खिळीवरून सरकली, आणि भारमार्गाला दुसरी वाटच नसल्याने सगळा पूल जवळपास एका मिनिटात नदीत गेला. ४६ माणसे मेली. ती भेग सांधा सोडवल्याखेरीज दिसणे शक्य नव्हते, हे मला तपासनीस म्हणून सर्वांत जास्त अस्वस्थ करते. कडीत दोनऐवजी चार-सहा पट्ट्या असत्या तर एक तुटल्यावर बाकीच्यांनी भार घेतला असता, रस्ता थोडा झुकला असता आणि कोणीतरी फोन केला असता.

या जादा वाटांचे महत्त्व त्याच सुमाराला इमारतींतही कळले. १६ मे १९६८ रोजी लंडनच्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत १८व्या मजल्यावर स्वयंपाकाच्या गॅसचा स्फोट झाला. तयार काँक्रीट पटलांची भार वाहणारी एक भिंत बाहेर फेकली गेली, वरचे मजले निराधार होऊन खाली आले आणि त्यांच्या आघाताने तो संपूर्ण कोपरा तळापर्यंत कोसळला. चार जण दगावले. स्फोट मोठा नव्हता. पटले एकमेकांना पुरेशी बांधलेली नव्हती. त्यानंतर ब्रिटिश नियमांत, एक भाग गेला तर त्या मानाने फार मोठी पडझड होऊ नये, अशी अट आली.

आता माझा आक्षेप. रिंगा_आणि_सळया यांनी इशारा देणाऱ्या अपयशाचे जे वर्णन केले, ते भार वाढल्याने होणाऱ्या अपयशाचे आहे. काँक्रीटच्या आवरणात लपलेली केबल गंजली तर बाहेरून काही दिसत नाही. इटलीतल्या जिनोआचा पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी पडून ४३ जण गेले, त्याच्या तिरप्या ताणकेबली काँक्रीटमध्ये गुंडाळलेल्या होत्या, म्हणजे जे संरक्षण म्हणून दिले होते, त्यानेच पाहणी अवघड केली. जिथे हात, डोळा किंवा निदान उपकरण पोहोचत नाही, तो सांधा आराखड्यात ठेवू नये, असे मी दर वेळी लिहून देतो. दर वेळी ऐकले जातेच असे नाही.

उत्तर : रिंगा_आणि_सळया

आक्षेप मान्य आहे.

प्रश्नकर्ता : गणिती_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. नटचे गणित केले. प्रत्येक पुलाचा एका गजावर येणारा भार P धरला. मूळ आराखड्यात वरच्या गजात 2P असला तरी चौथ्या मजल्याच्या तुळईखालचा नट फक्त त्याच पुलाचा P घेतो, कारण खालच्या पुलाचा P गजातूनच थेट वर जातो. बदलानंतर खालचा पूल चौथ्या मजल्याच्या तुळईलाच टांगलेला असल्याने तोच नट 2P घेतो. गजातला ताण दोन्ही वेळा तेवढाच. म्हणजे गज तपासणाऱ्याला काहीच बदललेले दिसणार नाही. दीडपटीचा गुणांक दुप्पट भाराला पुरला नाही, असे समजू का?

उत्तर : भारमार्ग

गणित अगदी बरोबर आहे, निष्कर्ष मात्र अर्धाच. नंतरच्या चौकशीत असे आढळले की बदल न करता मूळ आराखड्याप्रमाणे बांधले असते, तरी तो सांधा तिथल्या संहितेला अपेक्षित असलेल्या क्षमतेच्या सुमारे ६० टक्केच भरला असता. तुळई दोन सी-आकाराच्या पट्ट्या समोरासमोर ठेवून जोडलेली होती आणि छिद्र नेमके त्या जोडावरच पाडलेले होते. नट त्या जोडातून वर घुसला. पुरायला तिथे दीडपट कधी नव्हतीच. त्या सांध्याचे गणित ना आराखडा करणाऱ्यांनी केले, ना गज पुरवणाऱ्यांनी. ते दुसऱ्याने केले असेल असे दोघांनीही धरले होते.